महागडं व्हेप म्हणजे नुसती पाण्याची वाफ?

‘स्वस्त व्हेप घातक, पण महागड्यातून फक्त पाण्याची वाफ येते’ हा मेसेज आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. व्हेप म्हणजे द्रव तापवून ओढायची ई-सिगारेट. तिला सिगारेटसारखा धूर नसतो, जळका वास येत नाही, त्यामुळे हा मेसेज पटणं स्वाभाविक आहे.

जास्तीचे पैसे जातात बॅटरी, बाहेरचं आवरण आणि तापमान-नियंत्रणावर. आतला द्रव शोषणारा कापूस करपणं त्यानं कमी होत असेल, एवढं मान्य. पण तापतं ते आतलं द्रव: प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुधा निकोटिन. निकोटिनचं प्रमाण द्रवावरून ठरतं, यंत्राच्या किमतीवरून नाही. व्यसन लावणारा पदार्थ तोच.

पडताळणी सोपी आहे. चहाची वाफ काचेवर धरा. ती वाळून जाते. व्हेप ओढणाऱ्याच्या गाडीची काच आतून पुसून पाहा, बोटाला चिकट थर लागतो. पाणी असा थर सोडत नाही.

आणि ‘महागडं म्हणजे ओरिजिनल, खात्रीचं’ असं म्हणाल, तर 2019च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, जाहिरात, साठवण सगळंच बंद आहे. दुकानदाराकडे पक्कं बिल मागून पाहा. मुलांच्या हातात हे पोचतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.