सूचनांची फाइल एआयला काही ‘शिकवत’ नाही

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून असा समज वारंवार ऐकू येतो की, कोड कसा लिहावा याच्या सूचनांची फाइल एकदा लिहिली की कोड लिहून देणारा एआय सहायक ते नियम कायमचे शिकतो. तसे होत नाही. अशा सहायकांपैकी क्लॉड कोड ‘क्लॉड.एमडी’ आणि गिटहब कोपायलट ‘कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स.एमडी’ ही फाइल वाचतो, तेव्हा तिचा मजकूर केवळ त्या संभाषणाच्या संदर्भाला जोडला जातो. सहायकामागचे मूळ एआय मॉडेल तसूभरही बदलत नाही, आणि फाइल फार लांबली तर एखादा नियम दुर्लक्षित राहण्याची शक्यता वाढते. म्हणून ‘नीट कोड लिही’ असे न लिहिता ‘रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत, पूर्णांकात साठव’ असे नेमके लिहावे. माझ्या मते ही एक ओळ पानभर उपदेशाहून मोलाची आहे. जो नियम कधीच मोडता कामा नये, त्यासाठी मात्र सूचनेवर न विसंबता स्वयंचलित चाचणी लिहावी.