ध्वनिनियंत्रित स्विच

बोललेला शब्द ओळखून घरगुती विद्युत उपकरणाचा पुरवठा चालू अथवा बंद करणारी मांडणी. टाळीने चालणाऱ्या स्विचला आवाजाची तीव्रता पुरते; येथे शब्दाची ओळख पटावी लागते. हा भेद इतिहासाला लावू गेल्यास मात्र अडचण येते.

आद्य नमुना म्हणून बहुधा ‘रेडिओ रेक्स’ या खेळण्याचा निर्देश होतो. त्याचा काळ निरनिराळा दिला जातो; विसाव्या शतकाचे तिसरे दशक सर्वसाधारणपणे ग्राह्य धरतात. त्यातील सेल्युलॉइडचा कुत्रा विद्युतचुंबकाच्या जोरावर खोपट्यात अडवलेला असे. ‘रेक्स’ या हाकेतील स्वराची सुमारे ५०० हर्ट्‌झची ऊर्जा धातूच्या एका पट्टीला कंप देई, विद्युतमंडल क्षणभर तुटे आणि स्प्रिंग कुत्र्याला बाहेर ढकली. त्याच वारंवारतेचा दुसरा आवाजही त्याला बाहेर काढू शके; म्हणून काही अभ्यासक यास शब्दाची ओळख न मानता बेल प्रयोगशाळेच्या ‘ऑड्री’स (१९५२) अग्रमान देतात. ऑड्री इंग्रजी अंक ओळखे, तेही ज्याच्या आवाजाशी ती जुळवलेली असे त्याचेच नीट. तिचे काम ओळखण्यापाशी संपे. स्विचची वंशावळ रेक्सपासून लावणे त्यामुळे अधिक सयुक्तिक दिसते. आयबीएमच्या ‘शूबॉक्स’ने (१९६२) सोळा शब्द ओळखून बेरजेचे यंत्र चालवले, तेव्हा शब्द ओळखणे आणि त्यावर यंत्र चालवणे हे दोन्ही धागे एकत्र आले.

आजच्या बांधणीत मायक्रोफोनचा संकेत बहुधा सेकंदाला १६,००० वेळा मोजून २० ते ३० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत तपासतात. ओळख पटली की मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरील छोटा संगणक) रिलेला (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचला) आज्ञा देतो, पण थेट नव्हे. ५ व्होल्टच्या सामान्य रिलेचे वेटोळे सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह ओढते आणि तेवढा भार मायक्रोकंट्रोलरच्या पिनला पेलत नाही. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह नियंत्रित करणारा घटक) घालतात. वेटोळ्यातील प्रवाह तुटताना उलट दिशेचा मोठा विद्युतदाब उसळून ट्रान्झिस्टर जळू शकतो. त्यासाठी वेटोळ्याला समांतर डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा घटक) लावतात. त्याचे पट्टी असलेले टोक धन बाजूस हवे. नवख्यांची चूक बहुधा इथेच होते.

रिलेचे संपर्क न्यूट्रलऐवजी फेजच्या तारेत घालतात. तसे न केल्यास बंद दिसणाऱ्या उपकरणातही विद्युतदाब राहतो. पंख्यासारख्या प्रवर्तनी (वेटोळे असलेल्या) भाराने उडणाऱ्या ठिणग्यांमुळे संपर्क झिजतात व कधी चिकटतातही, आणि मग ‘बंद’ हा शब्द अचूक ओळखला गेला तरी पंखा फिरतच राहतो.