रेगेक्सला आपले आकडे काऊन दिसत नाहीत, त्यामागची जुनी गोष्ट

कळमना मार्केटचे भाव आजकाल व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होत फिरतात. समजा मेसेज आला, "संत्रा १,८०० ते २,४०० रु., आवक 250 क्विंटल". अर्धे आकडे देवनागरी, अर्धे इंग्रजी, आणि नागपुरात कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आता यातून आकडे काढायला रेगेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र) म्हणून [0-9]+, म्हणजे "0 ते 9 मधलं चिन्ह, एक किंवा जास्त वेळा", असं चालवलं तं हाती लागते फक्त 250. भाव गायब! पोरं म्हणतात रेगेक्स गंडलं, पण गंडलं काही नाही भाऊ, सांगितलं तेच त्यानं केलं.

मुळात रेगेक्स टेक्स्ट शोधायला जन्मलंच नव्हतं. १९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स या दोघांनी मेंदूतल्या न्यूरॉनचं गणिती मॉडेल मांडलं, आणि अशा जाळ्याला कोणकोणते पॅटर्न ओळखता येतील हे लिहायची पद्धत स्टीफन क्लीनी या गणितज्ञानं १९५१ साली रँड कॉर्पोरेशनच्या एका रिपोर्टात काढली, जो पुढं १९५६ ला छापून आला. आपण रेगेक्समध्ये "कितीही वेळा" म्हणून जो स्टार (*) टाकतो तो तिथलाच. त्यात संख्या कुठंच नाही, नुसती चिन्हं आणि त्यांचा क्रम. माझ्या मते सगळी मेख इथंच आहे, रेगेक्सला आजही १,८०० ही संख्या दिसत नाही, एक चिन्ह, स्वल्पविराम आणि मग तीन चिन्हं एवढंच दिसते.

ते टेक्स्टवर आणलं केन थॉम्पसन या प्रोग्रामरनं. १९६८ च्या त्याच्या पेपरमध्ये रेगेक्सचं थेट आयबीएम ७०९४ या कॉम्प्युटरच्या मशीन कोडमध्ये रूपांतर होतं आणि प्रत्येक अक्षरागणिक सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढं सरकतात, मागं वळून बघायचं कामच नाही. मग टेक्स्ट एडिटरमध्ये आलं, आणि १९७३ मध्ये एड नावाच्या एडिटरमधूनच ग्रेप हे फाइलीतल्या ओळी शोधायचं टूल वेगळं निघालं. हे सगळं आस्कीच्या (इंग्रजी अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या यादीच्या) जमान्यातलं, जिथं 0 ते 9 हे अंक ४८ ते ५७ या नंबरांवर ओळीनं बसलेत. म्हणून [0-9] म्हणजे "अंक" नाही, "४८ पासून ५७ पर्यंतचं काहीही". आपले ० ते ९ युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या तशाच यादीत, आहेत २४०६ ते २४१५ वर, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीच १९९१ ची, म्हणजे ग्रेप आल्यावर अठरा वर्षांनी. तोवर सवय पक्की झाली होती.

१९८७ मध्ये पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा आली आणि "कोणताही अंक" यासाठीचा बॅकस्लॅश डी (\d) हा शॉर्टकट तिच्यामुळं सगळीकडं पोचला. पण भाषागणिक त्याचा अर्थ वेगळा झाला, आणि लोक फसतात ते इथंच. २००८ च्या पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश डी देवनागरी अंक पण पकडते, मजकुराची संख्या करणाऱ्या इंट() ला "२५०" दिलं तरी गुमान 250 देते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र तो अजूनही फक्त 0 ते 9. एकच पॅटर्न, सर्व्हरवरच्या पायथनमध्ये चालते अन् ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये नाही. [0-9०-९]+ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

तरी स्वल्पविराम राहतोच, वरच्या मेसेजमधून १, ८००, २, ४००, 250 असे तुकडे निघतील. मग कोणीतरी ([0-9०-९]+,?)+ रु. असं लिहिते (,? म्हणजे स्वल्पविराम असो वा नसो) आणि खूश होते. पण पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट थॉम्पसनच्या वाटेनं जात नाहीत, ते एक शक्यता धरतात, फसली की मागं येऊन दुसरी धरतात, त्यामुळं पुढं "रु." नसलेली तीस-चाळीस अंकांची ओळ आली की प्रोग्राम जागीच अडकून बसते. आत एकदा प्लस, बाहेर परत प्लस, म्हणून त्याच अंकांचे तुकडे असंख्य प्रकारे पाडता येतात आणि तो प्रत्येक प्रकार करून बघतो, तेच कारण. [0-9०-९]+(,[0-9०-९]+)* हे सेफ, कारण दर फेरीला स्वल्पविराम लागतोच, आणि लाखाचं १,२५,००० पण त्यात बसते (इंग्रजी ट्युटोरियलमधला दर तीन अंकांवर स्वल्पविरामवाला पॅटर्न इथं सपशेल आपटते). स्वल्पविराम नंतर काढून टाकायचे, इंट() ला ते चालत नाहीत.

आणि अडत्यानं "आज अडीच हजारापर्यंत गेला, उद्या दीडशे कमी धरा" असा मेसेज टाकला तं रेगेक्स बाजूला ठेवून अडीच, दीड, पाऊण, सव्वा यांची यादी हातानंच बनवावी लागते.