काटेरी गादी: एरिनासिया की वेला?

दक्षिण स्पेनमधल्या सिएरा नेवादा पर्वतरांगेच्या चुनखडीच्या उतारांवर, 1,800 मीटरच्या आसपास, बरीच झुडपं उंच वाढायच्या भानगडीत पडत नाहीत. जमिनीला चिकटून, अर्धगोल, काट्यांची गच्च गादी होऊन बसतात. बोचरा वारा, हिवाळ्यातला बर्फ, कोरडा उन्हाळा आणि त्यात चरणाऱ्या शेळ्यामेंढ्या. इतकं सोसायचं तर हाच आकार परवडतो. म्हणूनच नात्यानं एकमेकींपासून फार लांबच्या वनस्पती इथे सारख्याच दिसतात. एरिनासिया अँथिलिस आणि वेला स्पायनोसा या त्यातल्याच दोघी.

फुलं असतील तर प्रश्नच मिटतो. एरिनासिया शिंबी कुळातली. फूल निळंजांभळं, घडण वाटाण्याच्या फुलाची. वेला मोहरीच्या कुळातली, म्हणून चार पाकळ्या, फुलीसारख्या मांडलेल्या. रंग फिकट पिवळा, वर जांभळ्या शिरा. (हे काटेरी खोडाचं झुडूप मोहरीच्या नात्यातलं, हे आधी पटतच नाही.) पण बहर उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडेच. एरवी समोर नुसते काटे.

अशा वेळी बहुतेक जण गादीचा आकार आणि रंग बघत बसतात. त्याचा उपयोग नाही. फांदी आणि पान बघावं. एरिनासियाच्या फांद्यांवर बारीक उभ्या रेघा आणि रेशमी लव असते, त्यामुळे झुडूप रुपेरी हिरवं दिसतं. फांदीचं टोक हाच काटा. पानं इवलीशी, तीही लवकर गळतात. मग अन्न बनवायचं काम हिरव्या फांद्यांकडे. वेलाचे काटे बऱ्याचदा दुभंगलेले असतात आणि पानं अरुंद, जाडसर, त्यांवर राठ केस. माझा भरवसा या केसांवर. साधं भिंग पुरतं.

फळं आली असतील तर आणखी सोपं. एरिनासियाच्या फुलाचा फुगीर, पातळ पिशवीसारखा निदलपुंज (पाकळ्यांखालचं हिरवं आवरण) शेंगेभोवती टिकून राहतो. वेलाच्या छोट्या फळाला चपटी, जिभेसारखी चोच असते.

या दोघींपैकी कुणाच्याच खुणा जुळत नसतील तर समोर तिसरंच काही असेल, उदाहरणार्थ काटेरी अ‍ॅस्ट्रागॅलस, ज्याचे काटे म्हणजे संयुक्त पानांचे वाळलेले मधले दांडे. आणि झुडूप मोरोक्कोत किंवा पूर्व पिरेनीजमध्ये (फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पर्वतरांगेत) दिसलं असेल तर वेला स्पायनोसा बाद: ती फक्त स्पेनच्या दक्षिण आणि आग्नेय भागातली. एरिनासिया मात्र या दोन्ही ठिकाणी वाढते.