सर्पगंधा झोपेची साधी जडीबुटी नाहीये, प्लीज वाचा
"सर्पगंधाची पावडर घ्या, मन शांत, अंगदुखी गायब, झाडपाला आहे त्यामुळे साइड इफेक्ट शून्य" हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय आणि मागच्या महिन्यात आमच्या आत्याच्या उशाशी पण तीच मातकट, कडूजहर पावडर डबीत दिसली, बीपीच्या गोळीच्या अगदी शेजारी, तेव्हा खरंच घाबरले.

शांत करते हे खरंय. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दाखवलं की या मुळीने बीपी उतरतं, मग १९५२ ला इतर शास्त्रज्ञांनी त्यातून रिसर्पिन हे मुख्य औषधी द्रव्य वेगळं काढलं. पण ते काम कसं करतं? मेंदूतल्या आणि नसांमधल्या सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांचा साठाच रिकामा करतं. म्हणून तर नाक चोंदतं, नाडी मंदावते, काहींना डिप्रेशन येतं. आणि दुखणं? उलट लॅबमध्ये उंदरांना रिसर्पिन टोचून मुद्दाम अंगदुखी आणतात, पेनकिलर तपासायला!

बीपीच्या गोळीसोबत तर बीपी एकदम खाली जाऊ शकतं. आत्याला म्हटलं, ही डबी घेऊनच डॉक्टरांकडे चल, मी येते सोबत.