नववास्तववादी कथा, चिनी

चीनमध्ये 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलेला कथाप्रवाह. चिनी नाव ‘शिन श्येशी श्याओश्वो’. कारकून, कामगार, झोपडीतले कुटुंब, दुष्काळी गावातला शेतकरी यांचे रोजचे जगणे लेखकाने मध्ये तोंड न घालता सांगायचे, ही त्याची रीत. नाव रुळले 1989 मध्ये, नानजिंगच्या ‘झोंगशान’ नियतकालिकाने अशा कथांची मालिका छापायला घेतली तेव्हा; महत्त्वाच्या काही कथा मात्र त्याआधीच प्रसिद्ध झाल्या होत्या. बहुतेक कथा आपल्याकडच्या दीर्घकथेच्या लांबीच्या आहेत.

माओकाळातल्या साहित्यात कामगार हा नायक असे आणि त्याच्या घरातले दूध कधी नासत नसे. 1978 नंतरच्या आर्थिक सुधारणांनी बाजार खुला होऊ लागला, पण घर, दवाखाना, बालवाडी अजून ‘दानवेई’च्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या हातात होती. पगार जुना, भाव नवे. या कात्रीत सापडलेला माणूस या कथांचा विषय आहे.

ल्यू झेनयुन यांची ‘जमिनीवर कोंबडीची पिसे’ (1991) सुरू होते ती श्याओ लिनच्या घरातला एक जिन, म्हणजे अर्धा किलो, टोफू आंबल्याच्या बातमीने. पहाटे सहाला उठून, सरकारी दुकानाच्या रांगेत उभे राहून आणलेला टोफू ऑफिसच्या गडबडीत फ्रिजमध्ये ठेवायचा राहिला, एवढीच घटना. पण तिच्यावरून घरात जे महाभारत होते ते लेखक सरकारी अहवालाच्या गांभीर्याने नोंदवतो. लिनची बायको रात्री नळ थेंबथेंब सोडून ठेवते, कारण तेवढ्या धारेने मीटर फिरत नाही, असे तिने ऐकलेले असते. मीटर वाचणारा म्हातारा तक्रार घेऊन येतो तेव्हा दोघांची जी त्रेधा उडते, ती वाचताना हसावे की कानकोंडे व्हावे ते कळत नाही. लिन पदवीधर आहे. कॉलेजात कविता करणारा त्याचा मित्र आता बाजारात बदके विकतो. शेवटी लिनला स्वप्न पडते: अंगावर पिसांचा ढीग, अंगाखाली माणसांच्या कातडीचा कोंडा, आणि झोप अगदी मऊ. शीर्षक चिनी वाक्प्रचाराचेच आहे. क्षुल्लक कटकटींचा जिकडेतिकडे झालेला पसारा, असा त्याचा अर्थ.

या कथांतला विनोद बहुतेक वेळा वजनमापांतून येतो. ल्यू हेंग यांच्या ‘कुत्र्याचं धान्य’ (1986) या कथेत बायको दोनशे जिन धान्याला विकत घेतलेली असते, आणि तिचा अंत होतो धान्याचे कार्ड हरवल्यामुळे. फांग फांग यांच्या ‘दृश्य’मध्ये (1987) वूहानमधल्या लोहमार्गाकाठच्या तेरा चौरस मीटरच्या फळकुटी खोलीत नवरा, बायको आणि नऊ मुले राहतात, निवेदक आहे खिडकीखाली पुरलेला, तान्हेपणीच गेलेला आठवा मुलगा. त्याला जागा सर्वांत ऐसपैस मिळाली आहे. ची ली याही वूहानच्याच; त्यांच्या ‘कटकटीचे आयुष्य’मध्ये (1987) पोलाद कारखान्यातल्या एका कामगाराचा एकच दिवस आहे, त्यातला बराचसा बस आणि नदीवरची फेरीबोट गाठण्यात जातो.

हा सूर नवा नव्हता. आधुनिक चिनी कथेचे आद्य लेखक लू शुन यांच्या कथेतला भणंग मजूर आ-क्यू (1921–22) देहदंडाआधीच्या कबुलीजबाबावर सहीऐवजी वर्तुळ काढतो आणि ते नीट गोल आले नाही म्हणून शरमतो. मात्र लू शुन यांना राग येई आणि तो दिसे. नव्या लेखकांनी तो गिळला. ‘शून्य अंशाची भावना’ असे समीक्षकांनी या अलिप्ततेला म्हटले, आणि व्यवस्थेपुढे मान तुकवल्याचा ठपकाही ठेवला. ठपका सरसकट पटत नाही. टोफूचा असा तंतोतंत हिशेब ठेवणे हीदेखील तक्रारच आहे.

1990 च्या दशकाअखेर सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार घरी बसवले गेले. या लाटेवरची मो यान यांची 1999 ची दीर्घकथा प्रवाहाबाहेरची असली तरी याच रक्ताची आहे. निवृत्तीला एक महिना उरला असताना आदर्श कामगार डिंग यांची नोकरी जाते. ते तळ्याकाठी पडलेल्या मोडक्या बसच्या सांगाड्यात प्रेमी जोडप्यांसाठी भाड्याची खोली थाटतात. एके दिवशी आत गेलेले जोडपे बाहेर येईना. आत्महत्याच झाली, या धास्तीने ते शिष्याला आणि पोलिसाला घेऊन येतात, तर बस रिकामी. कथेचे नाव ‘उस्ताद, तुम्ही फारच विनोदी होत चाललात’.