स्क्वॉश : चिवट बचावाविरुद्धचे डावपेच

स्वतः गुण मिळवण्याची घाई न करता प्रत्येक चेंडू परतवत राहायचे आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहायची, अशा पद्धतीने खेळणाऱ्या स्क्वॉशपटूला ‘रिट्रीव्हर’ म्हणतात. त्याच्या भात्यात मारक फटके थोडेच असतात, तरीही त्याच्याकडून हरणारे पुष्कळ. जोरात मारून त्याला संपवू पाहणारा खेळाडू बहुधा तिसऱ्या-चौथ्या फटक्यालाच चेंडू टिनवर, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, आदळून गुण गमावतो, आणि रिट्रीव्हरला नेमके हेच हवे असते.

रिट्रीव्हरचे खरे भांडवल पायांत असते असे मानले जाते. प्रत्यक्षात ते वेळेत असते. कोपऱ्यात अडकला की तो उंच, संथ लॉब टाकतो आणि चेंडू हवेत असेपर्यंत निवांत ‘टी’वर, म्हणजे कोर्टाच्या मध्यभागी रेषा मिळतात त्या जागी, परततो. कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद असते. एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर पावणेबारा मीटरच्या आत भरते. पुरेसा वेळ मिळाला तर एवढे अंतर कोणताही तयारीचा खेळाडू कापतो. म्हणून त्याला नुसते लांब पळवून भागत नाही, त्याचा वेळ कापावा लागतो.

त्यासाठी व्हॉली हे पहिले हत्यार. त्याचा लॉब मागच्या भिंतीपर्यंत जाऊ न देता ‘टी’च्या आसपास, खांद्याच्या उंचीवर हवेतच घ्यायचा आणि बाजूच्या भिंतीला चिकटवून सरळ मागे पाठवायचा. तो अजून कोपऱ्यातून बाहेर पडत असतो; दोन पावले पुढे आलेल्याला वळून पुन्हा तिथेच जावे लागते. एका व्हॉलीने गुण मिळत नाही. चार-पाच व्हॉली झाल्या की त्याचे परतीचे फटके आखूड पडू लागतात, आणि हल्ल्याची जागा तेव्हा कुठे उघडते.

ड्रॉप, म्हणजे समोरच्या भिंतीलगत अलगद टाकलेला फटका, याच क्षणासाठी राखून ठेवावा. प्रतिस्पर्धी मागे आणि आपण पुढे तोल सांभाळून उभे, ही स्थिती नसेल तर ड्रॉप म्हणजे त्याला दिलेले आमंत्रण : तो धावत येऊन प्रतिड्रॉप टाकतो आणि धावपळ आपल्या वाट्याला येते. शिवाय टिन ४८ सेंटिमीटर उंच असतो (व्यावसायिक स्पर्धांत ४३), त्यामुळे हौशी खेळात ड्रॉप थोडा वर राहतो आणि परतवणाऱ्याचे फावते. तरी टिनला घासून मारण्याचा मोह नको. वीतभर वरून पण बाजूच्या भिंतीलगत पडलेला ड्रॉप जास्त उपयोगी. चेंडूचे तापमानही पाहावे. लांब रॅलींनी तापलेला चेंडू उसळतो व ड्रॉप मरत नाही. थंड कोर्टवर किंवा गेमच्या आरंभी तोच फटका जागच्या जागी बसतो.

रॅकेट उचलून क्षणभर थांबणे, ज्याला ‘होल्ड’ म्हणतात, हा सर्वांत दुर्लक्षित डावपेच आहे. रिट्रीव्हर अंदाजावर लवकर निघतो. फटका लांबवला की त्याला टाचांवर थबकावे लागते, आणि थबकलेल्याला साधा सरळ ड्राइव्हही (कोर्टाच्या मागच्या भागात जाणारा जोरकस फटका) जड जातो.

दमवून जिंकण्याच्या या शैलीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती स्क्वॉशपटू जोना बॅरिंग्टन यांनी. १९६७ ते १९७३ या काळात त्यांनी ब्रिटिश ओपन ६ वेळा जिंकली. त्या काळी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असल्याने सामने रेंगाळत. १९८३ मध्ये इंग्लंडमधील चिचेस्टरला पाकिस्तानचे जहांगीर खान आणि इजिप्तचे गमाल अवाद यांचा अंतिम सामना २ तास ४६ मिनिटे चालला. पहिला गेम गमावूनही जहांगीर जिंकले. आता ११ गुणांच्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला गुण आहे. त्यामुळे उतावीळपणाची किंमत वाढली, पण दमवणाऱ्याला मिळणारा अवधी घटला.

प्रतिस्पर्धी खचू लागल्याची खूण श्वासापेक्षा फटक्यांत आधी दिसते. मागच्या कोपऱ्यातून सरळ ड्राइव्ह मारण्याऐवजी तो बोस्ट मारू लागतो, म्हणजे चेंडू बाजूच्या भिंतीवर मारून कसाबसा पुढे ढकलतो. हा बोस्ट ओळखून आधीच पुढे सरकलेल्या खेळाडूसमोर अर्धे कोर्ट मोकळे असते, आणि सरळ ड्रॉप टाकण्याची वेळ हीच.